खटला सुरू असलेल्या खेळाडूला लीगने खेळवावं का?

बोरीकाठ, अमळनेर:
गेल्या महिन्यात तालुक्यात मुलींच्या कबड्डी स्पर्धा झाल्या. बक्षीस वाटायला आयोजकांनी कबड्डी लीगमध्ये खेळणारा एक रेडर बोलावला. त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा खटला चालू आहे, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुष्पगुच्छ द्यायला माझ्या १४ वर्षांच्या पुतणीला पुढे केलं. ती स्टेजच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. गुच्छाचा प्लास्टिकचा कागद मुठीत चुरगळत होता. शेवटी तो दुसऱ्याच कुणीतरी दिला. घरी येताना गाडीवर मागे बसून एवढंच म्हणाली, "काका, ह्याला अजून खेळू कसं देतात?" मला उत्तर देता आलं नाही.

माझं म्हणणं असं की, गंभीर गुन्ह्याचं आरोपपत्र दाखल झालं की लीगने खेळाडूला बाजूला बसवावं. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने २०१९ मध्ये तसा नियमच केला. ज्या गुन्ह्याला ११ वर्षं किंवा जास्त शिक्षा होऊ शकते, तसा आरोप पोलिसांनी ठेवला की सामने बंद. पगार मात्र चालू, सरावही चालू. जॅक डी बेलिन नावाचा खेळाडू याविरुद्ध कोर्टात गेला, हरला.

आपल्याकडे फिक्सिंगच्या वेळी काय झालं ते आठवा. २०१३ मध्ये श्रीशांत आणि अंकित चव्हाण यांच्यावर क्रिकेट बोर्डाने स्वतः चौकशी करून आजीवन बंदी घातली, कोर्टाची वाट पाहिली नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं, तरी बोर्ड बंदीवर ठाम राहिलं. मग मुलीची तक्रार आली की सगळे "कोर्ट बघून घेईल" का म्हणतात?

केळीबाग, रावेर:
भाऊ, डी बेलिनचं पुढे काय झालं तेही लिहा ना. ज्युरीचं एकमत झालं नाही, २०२१ मध्ये सरकारी पक्षाने आरोप मागे घेतले. त्याचे दोन हंगाम गेले ते गेलेच. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबचा फुटबॉलपटू बेंजामिन मेंडी घ्या. २०२१ मध्ये बलात्काराचे आरोप झाले, क्लबने पगार थांबवला. २०२३ मध्ये ज्युरीने निर्दोष ठरवलं. बहुतेक पगार त्याला मिळायला हवा असा निकाल लवादाने दिला तो २०२४ मध्ये. पैसे मिळतील, पण वय कुठून आणायचं?

आणि आपली कबड्डी लिलावावर चालते. ज्याला खेळवताच येणार नाही, त्याच्यावर बोली कोण लावेल? "पगार चालू ठेवू" हे तिकडे शोभतं. इथे खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, तोवर रेडरचे गुडघे संपलेले असतात. मी स्वतः खेळलोय, म्हणून जीव तुटतो.

खोखोची आई, नंदुरबार:
तुम्ही दोघंही खेळाडूचीच वर्षं मोजताय. माझ्या मुलीच्या संघातली एक मुलगी बाहेरगावच्या स्पर्धेहून आली आणि खेळ सोडून घरी बसली. संघाच्या व्यवस्थापकाने रात्री खोलीवर बोलावलं होतं. तक्रार कुठे करायची, हे आम्हा पालकांपैकी एकालाही माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी व्यवस्थापक तोच. तिची वर्षं कुणी मोजली?

नंतर मी कायदा वाचून काढला. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं नाव घेऊन लिहिलंय. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाईच आणि एक सदस्य बाहेरचा. त्याहून लहान संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, मग पोलिसांना कळवणं बंधनकारकच. म्हणजे केळीबाग दादा, कोर्टासाठी वर्षानुवर्षं थांबायची गरजच नाही. लीगने स्वतःचे ९० दिवस पाळावेत.

पांझरा, धुळे:
ताई, ९० दिनमा निकाल लागी तर मना काहीच इरोध नही. पन समिती कोन नेमस? ज्यानी टीम, तोच. मंग पोरनी बाजू कोन लई? २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक या कुस्तीपटू महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या. साक्षीकडे ऑलिंपिकचं पदक, तरी सुप्रीम कोर्टात गेल्यावर कुठे गुन्हा नोंदला गेला. आमच्या तालमीतल्या पोरीचं कोण ऐकणार? समिती संघमालकाच्या हाताबाहेरच हवी.

बोरीकाठ:
पांझरा भाऊंचा मुद्दा मान्य, समिती बाहेरचीच हवी. केळीबाग, तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो. नेपाळचा क्रिकेटपटू संदीप लामिछाने बलात्काराच्या आरोपात जामिनावर होता, तरी त्याला २०२३ च्या फेब्रुवारीत खेळवलं. जानेवारी २०२४ मध्ये ८ वर्षांची शिक्षा झाली, मे महिन्यात वरच्या कोर्टाने निर्दोष सोडलं. निकाल निकालाच्या जागी. पण त्या फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या खेळाडूंनी सामन्यानंतर त्याच्याशी हात मिळवला नाही. बोर्डाने जे ठरवायचं, ते समोरच्या संघाला मैदानावर ठरवावं लागलं. इथे ते १४ वर्षांच्या पोरीवर आलं, तेही हातात गुच्छ घेऊन.

केळीबाग:
त्याला स्टेजवर बोलवायलाच नको होतं. खेळवणं वेगळं, सत्कार वेगळा. रविवारी मंडळाची बैठक आहे, पाहुण्यांचा विषय मी काढतो. चौकशीच्या ९० दिवसांपुरतं थांबवा, चालेल. खटला संपेपर्यंत मात्र नको, आणि त्या काळात एक रुपयाही कापायचा नाही. हे मी सोडणार नाही.

खोखोची आई:
दादा, बैठकीत आणखी एक मांडा. स्थानिक समितीचा नंबर मैदानाच्या फाटकावर लावा. ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागे लावू नका, तिथे मुली जात नाहीत.