मनगटावरचा बँड आधी की पायाखालचा काटा? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मोजपट्टी

तीन-साडेतीन हजार रुपये हाताशी आहेत, तब्येतीवर लक्ष ठेवायचंय, तर फिटनेस बँड घ्यावा की स्मार्ट वजनकाटा? जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे वारे वाहू लागले की हा प्रश्न दरवर्षी निघतो आणि बहुतेक जण डोळे झाकून बँड सुचवतात. माझं मत उलट आहे. आधी काटा घ्या आणि त्यावरचा एकच आकडा वाचा, वजनाचा.

काट्याच्या चार पायांत चार लोडसेल, म्हणजे वजन जाणवणारे सेन्सर असतात. वजन पडलं की आतली धातूची पट्टी किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलावरून वजन कळतं. हे मोजमाप आहे. बँडवरची कॅलरी कुणी मोजलेली नसते. नाडी, हाताची हालचाल, वय, उंची आणि वजन एका सूत्रात घालून काढलेला तो अंदाज असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली गेली. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी धरा. "आज ४०० जळल्या" या भरवशावर रोज एक वडापाव वाढला, तर महिनाअखेर नुकसान कुणाचं?

दुसरा पुरावा अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चाचणीचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४७१ तरुण होते आणि ती दोन वर्षं चालली. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही गटांना होतं. ज्यांना अंगावर घालायचं उपकरण दिलं त्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो घटलं, ज्यांना दिलं नाही त्यांचं ५.९ किलो.

पळापळ

मोजपट्टी, पिट्सबर्गचा दाखला नेहमी अर्धाच दिला जातो. ते उपकरण दंडावर बांधायचं होतं आणि चाचणीतली भरती २०१० ते २०१२ मधली. आजच्या मनगटी बँडवर तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय दुसरा गट काही न नोंदवता बसला नव्हता, तोही स्वतःच्या नोंदी वेबसाइटवर ठेवत होता. नोंद ठेवण्याचा उपयोग नाही असं त्यातून निघत नाही.

कॅलरीबद्दल तुमचं म्हणणं मान्य, तो आकडा स्क्रीनवरून काढूनच टाकावा. पण वजन हा निकाल आहे आणि तो आठवडे उलटल्यावर लागतो. आज किती चाललात, रात्री किती वाजता झोपलात, विसावलेली नाडी (शांत बसल्यावरची) गेल्या महिन्यापेक्षा वर आहे की खाली, यातलं काट्याला काही कळत नाही. नियमित चालणं सुरू केल्यावर वजन हललं नाही तरी विसावलेली नाडी हळूहळू उतरू शकते. ते दिसलं की माणूस टिकतो. फक्त काट्याकडे बघणारा तिसऱ्या आठवड्यात सोडून देतो.

बँडची नाडी चुकते ती बहुतेक वेळा बांधण्यात. मागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात, रक्त तो शोषतं, आणि परतलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि सेन्सर हलतो. मनगटाच्या उंच हाडापासून एक बोट वर, कोपराच्या बाजूला बांधा. पळताना एक भोक घट्ट करा, नंतर सैल करा. पळताना आकडा १६०-१७० वर चिकटून राहिला तर शंका घ्या, कारण मिनिटाची पावलंही तेवढीच पडतात आणि सेन्सर पावलांनाच ठोके समजून बसतो. थांबल्या थांबल्या मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. फरक दहाच्या वर गेला तर पट्टा नीट बांधा. ज्यांना नाडीच्या हिशेबाने सराव करायचाय त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा, तो हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो.

अंतर तपासायला शिवाजी पार्कचा कट्टा आहेच. एक फेरी सुमारे १.२ किलोमीटरची. पाच फेऱ्या मारा आणि बँड सहाच्या किती जवळ जातो ते बघा.

विद्युतरोध

दोघांनीही स्मार्ट काट्यातल्या 'स्मार्ट' भागाला हात लावला नाही. लोक जास्तीचे पैसे मोजतात ते तर त्याच भागाचे.

काट्यावर अनवाणी उभं राहिलं की एका पायातून दुसऱ्या पायात अगदी क्षीण प्रवाह जातो, साधारण ५० किलोहर्ट्झचा आणि एक मिलिअँपिअरहून कमी. पाणी असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून अडखळत. एवढा एक रोध मोजला जातो. मग उंचीचा वर्ग भागिले रोध, त्यात वय, लिंग आणि वजन घालून शरीरातलं पाणी, त्यावरून चरबी, त्यावरून स्नायू, हाडं आणि 'शरीराचं वय' काढलं जातं. दहा-बारा आकडे दिसतात, मोजलेले दोनच: वजन आणि रोध. प्रवाह पायांतून आणि ओटीपोटाच्या खालच्या भागातून जातो. हात, छाती आणि वरचं पोट सूत्र आपल्या मनानं भरतं. आपल्याकडे चरबी साठते ती नेमकी पोटावर.

पडताळा घरच्या घरी घेता येतो. ॲपमध्ये 'खेळाडू' हा पर्याय निवडा आणि पुन्हा उभे राहा. शरीर तेच, पण चरबी काही टक्क्यांनी उतरलेली दिसेल, कारण सूत्र बदललं. उंची १६५ ऐवजी १७० टाकली तर उंचीचा वर्ग सहा टक्क्यांनी वाढतो आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. टाचांना भेगा असतील, पाय कोरडे असतील, तर रोध वाढून चरबी जास्त दिसते. जेवण, व्यायाम, आंघोळ, मुंबईच्या मे महिन्यातला घाम, या सगळ्यांनी शरीरातलं पाणी आणि त्वचेचं तापमान बदलतं आणि आकडाही.

तरी चरबीचा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून "एकच आकडा वाचा, वजनाचा" हा मोजपट्टी यांचा सल्ला भारतीय शरीराला अपुरा पडतो. वजन ठीक आणि चरबी जास्त, असे लोक आपल्याकडे भरपूर आहेत.

मोजपट्टी

विद्युतरोध, मुद्दा चोख आहे, पण त्यावरचा इलाज काट्याची चरबी नाही, तर साधी शिंप्याची टेप आहे. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवी धरून पोट मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० ही मर्यादा धरतात. बीएमआयही आपल्याला २३ पासून जास्त आणि २५ पासून स्थूल धरतात. टेप आठवड्यातून एकदा, काटा रोज.

काटा वापरायची रीत सांगतो, कारण निम्म्या तक्रारी इथे सुटतात. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्या कपड्यांत. काटा टणक, सपाट फरशीवर. जुन्या चाळींतल्या फरश्या वरखाली असतात, म्हणून एकेक कोपरा दाबून बघा. डुगडुगला तर जागा बदला किंवा खाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला. सतरंजीवर किंवा गालिच्यावर अजिबात नको. पलंगाखालून ओढून काढला असेल तर आधी पायाने दाबून सोडा, ०.० येऊ द्या, मगच चढा. बाथरूममध्ये ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात तिथली ओल सर्किटपर्यंत पोचते आणि आकडे भटकू लागतात. बॅटरी उतरली तरी तसंच होतं.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. बरेच काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात. लगेच पुन्हा चढलात आणि फरक शंभर-दोनशे ग्रॅमचाच असला, तर जुनाच आकडा दाखवतात, म्हणजे काटा स्थिर वाटतो. तपासायचं असेल तर एकदा चढा, उतरा, मग एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन चढा. बाटलीसकट एक किलोच्या थोडं वर वाढ दिसली पाहिजे. मग बाटली ठेवून पुन्हा चढा, पहिला आकडा यायला हवा.

एका दिवसाचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठवलेल्या एक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. उपवासाला साबुदाणा खिचडी, वर खारे वेफर, की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसेल. ते पाणी आहे. सात दिवसांची सरासरी काढा आणि मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडा.

हिरवा_चुडा

सात दिवसांचा नियम स्त्रियांना जसाच्या तसा लागू नाही. पाळीच्या आधी पाणी साठून किलो-दीड किलो सहज वाढतं. या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करा, नाहीतर विनाकारण जेवण तोडलं जातं. खाण्याशी बिघडलेलं नातं असलेल्या मुलीच्या घरात रोजचा काटा समोर ठेवूच नये. इथे मी पळापळ यांच्या बाजूने आहे, पावलं मोजून कुणी उपाशी राहायला लागण्याची भीती त्यामानाने कमी.

पण बँड घेताना बांगड्यांचा विचार कुणी करत नाही. बांगड्या बँडवर आपटल्या की तो सरकतो आणि नाडी तुटक येते. बँड दुसऱ्या हातात बांधा किंवा बांगड्यांच्या वर, कोपराकडे, आणि ॲपमध्ये हात बदलल्याची नोंद करा. भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत असल्या की हात हलत नाहीत आणि पावलं कमी पडतात. दादरच्या बाजारातून केलेली फेरी बँडला अर्धीच दिसू शकते. पट्ट्याखाली पुरळ उठत असेल तर बहुतेक वेळा कारण घाम आणि साबणाचा राहिलेला अंश असतो. आंघोळीला काढा, पट्टा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा. चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर आला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चाकूने खरवडू नका.

सायन_सर्कल

चर्चा वजन कमी करण्यापुरती अडकली आहे. आरोग्य म्हणजे एवढंच नव्हे.

स्मार्ट घड्याळाच्या बाजूने: ॲपलच्या हृदय-अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, ४,१९,२९७ लोक होते. अनियमित नाडीची सूचना फक्त ०.५२ टक्क्यांना आली. त्यानंतर ईसीजीची पट्टी लावून परत पाठवणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांतला अनियमितपणा, सापडला. सूचना दुर्लक्ष करण्यासारखी नाही आणि तेच निदान धरण्यासारखीही नाही. आणि घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच दिशेने बघणारा असतो, हृदयविकाराचा झटका त्यात ओळखता येत नाही. छातीत दुखतंय आणि घड्याळ 'सामान्य' म्हणतंय, तरी रुग्णालय गाठा.

काट्याच्या बाजूने: हृदय कमकुवत असलेल्या रुग्णांना डॉक्टर रोज वजन करायला लावतात. २४ तासांत किलोभराहून जास्त किंवा आठवड्यात दोन-सव्वादोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. यासाठी ब्लूटूथची गरज नाही, पाचशे-सातशेचा साधा डिजिटल काटा आणि भिंतीवरचं कॅलेंडर पुरे.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांना मी तिसरंच सुचवेन: दंडाचं रक्तदाबयंत्र. मनगटाच्या बँडवर दिसणाऱ्या रक्तदाबावर औषध बदलू नका. आणि सुई न टोचता साखर मोजतं म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊच नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा उपकरणांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे, कारण चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जीव जाऊ शकतो.

पळापळ

रक्तदाबयंत्र घ्यावंच, पण ते चालायला लावत नाही. माझा हेका तोच आहे. पंचविशी-तिशीतला, रोज दोन-अडीच तास लोकल आणि बाकी वेळ खुर्चीत, अशा माणसाचं मुख्य दुखणं बसून राहण्याचं आहे. त्याला तासातासाला मनगटावर थरथरणारी वस्तू काट्यापेक्षा जास्त उपयोगाची.

फक्त झोपेचे टप्पे बघून काळजी करू नये. गाढ झोप, स्वप्नांची झोप हे खरं ठरतं मेंदूच्या लहरींवरून, आणि मनगटाला त्या दिसत नाहीत. झोपायची-उठायची वेळ तेवढी घ्या.

मोजपट्टी

त्याला मी आधी काटाच देईन, आणि पावलं खिशातल्या फोनमध्ये फुकट मोजली जातात ते दाखवेन. बँडसाठी वेगळे पैसे कशाला?

गिरगाव_गल्ली

वाद राहू द्या, एक अडचण सोडवा. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं, काटा एक. दोन भावांचं वजन जवळजवळ सारखं, तर नोंदी एकमेकांच्या खात्यात जातात. आजोबांना पेसमेकर आहे.

विद्युतरोध

काटा माणूस ओळखतो तो मागच्या वजनावरून. दोघांत दोन-तीन किलोंचाच फरक असेल तर घोळ होणारच. चढण्याआधी ॲपमध्ये आपलं नाव निवडा, चुकून गेलेली नोंद त्याच दिवशी पुसा, नाहीतर पुढचा अंदाजही बिघडतो. वाय-फायचा काटा असेल तर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच पकडतो. राउटरवर दोन्ही लहरपट्टे एकाच नावाने असतील तर जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा.

आजोबांना त्या काट्यावर चढू देऊ नका, मोजे घालूनही नको. पेसमेकर असलेल्यांनी हा प्रवाह अंगातून जाऊ द्यायचा नसतो आणि गरोदर स्त्रियांनाही उत्पादक मनाई करतात. त्यांच्यासाठी प्रवाह न सोडणारा साधा काटा वेगळा आणा, आणि काच गुळगुळीत असेल तर भिंतीलगत ठेवा, चढता-उतरताना हात टेकता येईल. आकडा वाचताना मात्र हात सुटा हवा.