कुलूप लावलं की नाही, तेवढंच आठवत नाही

तिसरामजला:
वय 47, पतसंस्थेत काउंटरवर असते. माहेरचा पाच आकडी फोन नंबर आजही झोपेत विचारला तरी सांगेन. पण दहा मिनिटांपूर्वी दाराला कुलूप लावलं का, हे रिक्षा स्टँडवर पोचेपर्यंत गायब! गेल्या आठवड्यात दोनदा तीन जिने परत चढले. दोन्ही वेळा कुलूप व्यवस्थित लावलेलं. घरचे म्हणतात, मेमरी कार्ड बदल. हसण्यावारी नेते, पण आत कुठेतरी धाकधूक आहे. हा स्मरणशक्तीचाच घोळ का?

फळा_खडू:
मानसशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. तुम्ही विसरत नाही आहात, बाई. विसरायला आधी नोंद व्हावी लागते. कुलूप हातांनी लावलं, डोक्यात त्या वेळी दुसरंच काही चालू होतं. हाताची सवय ही वेगळी स्मृती, ‘आज सकाळी मी काय केलं’ ही वेगळी. पहिली इतकी पक्की झाली की दुसरीची नोंद करायला लक्ष उरत नाही. नजरेचंही तेच. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी लोकांना चेंडूचे पास मोजायला लावले, मधूनच गोरिलाच्या वेषातला माणूस चालत गेला, तर जवळजवळ निम्म्यांना तो दिसलाच नाही. डोळे उघडेच होते की!

शिवाय रोज तेच दार, तेच कुलूप. आठवायला गेलात तर कालचं, परवाचं, सगळी एकमेकांत मिसळतात. फोन नंबराला असा स्पर्धक नव्हता.

मोबाईलवाला:
कुलपाचा फोटो काढा, विषय संपला.

फळा_खडू:
फोटो रोज काढाल, मग फोटो आजचाच का ते बघाल. जिने चढणंही तसंच. व्हान डेन हाउट आणि किंट यांनी 2003 मध्ये लोकांना संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण चुकली नव्हती, पण ती पुसट झाली आणि तिच्यावरचा भरवसा उडाला. जितकं तपासाल तितकी शंका वाढते. हा प्रकार दिवसभर छळायला लागला तर मात्र डॉक्टरांना विचारा. नेहमीचे रस्ते, माणसांची नावं हरवायला लागली तरीही.

भुसावळकर:
इंजिनावर अनेक वर्षं काढली. आमच्याकडे सिग्नल नुसता बघून चालत नाही. सहाय्यक हात करून मोठ्याने म्हणणार ‘डबल यलो’, मग आपणही म्हणायचं ‘डबल यलो’. गंमत म्हणजे नियमात त्या सिग्नलचं नावच ‘अटेन्शन’! रात्री तीनला, एकसारख्या रुळांवर, डोळे उघडे ठेवून माणूस कुठल्या कुठे गेलेला असतो. स्वतःचा आवाज कानावर पडला की परत जागेवर येतो. ताई, कुलपावर हात ठेवा आणि बोला. वारही बोला: ‘मंगळवार, कुलूप लावलं.’ नाहीतर तेही तोंडपाठ होऊन बसेल. तोंडाने हिरवा म्हणायचं आणि डोकं घरी, असे आमच्यातही असायचे.

तिसरामजला:
मंगळवारी केलं. समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, “काय गं, कुणाशी बोलतेस?” स्टँडवर सगळं लख्ख आठवत होतं, काकूंच्या हातातल्या पिठासकट. आज गुरुवार. पुन्हा केलं, तरी स्टँडवर आठवल्या त्या काकूच.

भुसावळकर:
आज वार काय बोललात?

तिसरामजला:
...मंगळवार.