मारुती ८०० (१९९७, कार्बोरेटर): चढाला झटके देऊन बंद पडते, थांबलं की पुन्हा चालू

घाटवाट:
नमस्कार मंडळी. गाडी १९९७ ची मारुती ८००, ७९६ सीसी. सकाळी एका सेल्फला चालू होते, गावात काही त्रास नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये झटके द्यायला लागते, पिकअप जातो आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवे आहेत. गॅरेजमध्ये कार्बोरेटरच बदला म्हणतात. त्याआधी काय काय तपासावं?

जेटनीडल:
कार्बोरेटरला आत्ता हात लावू नका. जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रं) तुंबले असते तर थांबून ते मोकळे झाले नसते. झटके आधी आणि बंद नंतर, याचा अर्थ फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी, रिकामा होतोय: इंजिन जितकं पितंय तितकं पेट्रोल मागून येत नाही. गावात मागणी कमी असते म्हणून ही तूट कळत नाही.

आता पेट्रोल नेमकं कुठे अडतंय ते बघायचं, आणि तेही गाडी बंद पडल्या पडल्या. पाच मिनिटं गेली की पुरावा जातो. गाडी कडेला घ्या, चाकाला दगड लावा, चावी बंद. एअर क्लीनर बाजूला करून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि ॲक्सिलरेटरची लिव्हर हाताने झटक्यात ओढा. बारीक पिचकारी उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, मग करंटकडे, म्हणजे प्लगच्या ठिणगीकडे, वळा. कोरडं असेल तर टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा सूंऽ आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीला हवा घ्यायची वाट बंद आहे. तसं नसेल तर एसी पंपावर (इंजिनवरचा पेट्रोल ओढणारा पंप) गार पाण्याचं ओलं फडकं ठेवा. दोन मिनिटांत चालू झाली तर पेट्रोल पंपातच उकळून वाफ अडतेय.

सहाव्होल्ट:
प्लगला करंट देणारी कॉइल गरम होऊनही हुबेहूब असंच होतं, ते विसरू नका. फरक एवढाच की कॉइल गेली की बहुतेक वेळा इंजिन एकदम मरतं, आचके देत नाही. तरी पिचकारी उडत असेल तर प्लग काढून, बॉडीला टेकवून ठिणगी बघा. पेट्रोल उघडं असताना मात्र हे करायचं नाही.

घाटवाट:
तपासलं. पिचकारी नाही, चेंबर कोरडा. झाकण उघडून फरक नाही, ओल्या फडक्यानेही नाही. पारदर्शक फिल्टरमध्ये बुडबुड्यांची माळ सतत येते, सकाळी थंड इंजिनवरसुद्धा.

टाकीतळ:
मग उत्तर बरंचसं तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. फिल्टर अर्धा रिकामा दिसणं नेहमीचंच, त्याने घाबरायचं नाही. पण थंड इंजिनवर बुडबुड्यांची माळ म्हणजे वाफ नव्हे, हवा. टाकी ते पंप हा भाग ओढीवर चालतो, दाबावर नाही. तिथे रबरी नळीला चीर असली तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंब पडत नाही म्हणून ती चूक वर्षानुवर्षं सापडत नाही. थांबल्यावर गाडी चालू होते, कारण आयडलिंगला लागणारं थोडं पेट्रोल तेवढ्या हवेतूनही येतं.

खात्री अशी करा. गाडी उभी, इंजिन थंड, शेजारी अग्निशामक. फिल्टरकडे मागून येणारी नळी काढून तिचं तोंड बुचाने बंद करा. फिल्टरला नवी नळी जोडून तिचं दुसरं टोक पेट्रोलच्या लहान पत्र्याच्या डब्यात बुडवा. इंजिन चालू करून दोन मिनिटं बघा. बुडबुडे थांबले तर खोट फिल्टरच्या मागे आहे. तरीही येत असतील तर फिल्टरच्याच जोडाला. असा डबा लावून गाडी रस्त्यावर चालवायची नाही.

मागे निघालं तर टाकीजवळची रबरी नळी पहिला संशयित. बोटांनी वाकवून बघा, क्लिपच्या कडेला बारीक भेगा दिसतील. त्यानंतर खालचा लोखंडी पाइप. तो जिथे पट्टीने बॉडीला धरलाय तिथे चिखल साचून पट्टीखालून सडतो, कोकणातल्या गाड्यांचा तर हमखास. पट्टी काढल्याशिवाय ते दिसत नाही.

जेटनीडल:
बरोबर. नळ्या बदलताना एक-एक नको, सगळ्या एकदम बदला, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्नचीसुद्धा. १९९७ चं रबर आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं आणि आतून सुटतं. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ हे पेट्रोलच्या नळीचं मानक छापलेलं बघूनच घ्या, मीटरवर मिळणारी साधी नळी नको. क्लिप गोल कडेची घ्या, खाचांची पट्टी रबर कापते.

पंप बदलायची वेळ आलीच तर जुनं पॅकिंग खरवडून काढा आणि मूळ जाडीचंच लावा. दोन पॅकिंगं एकावर एक बसली की पंपाची लिव्हर तिला हलवणाऱ्या कॅमपासून दूर जाते, स्ट्रोक कमी होतो आणि नवा पंपही कमी पेट्रोल देतो. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलाय. ऑइल आणि पंप दोन्ही बदलेपर्यंत इंजिन चालू करू नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

टाकीतळ:
आणि आत्ताचा नवा फिल्टर शेवटचा समजू नका. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं. दोन टाक्या पेट्रोल संपलं की फिल्टर काढून पांढऱ्या कागदावर उलटा करून झटका. तांबूस भुकटी पडली तर टाकी उतरवून धुवावी लागेल. टाकीला वेल्डिंग कधीही करू नका, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते.