झेंडूला नुसता पाला, कळीचा पत्ता नाही

कुंडीवाली:
गच्चीवर मोठ्या फुलांचा झेंडू लावलाय. रोपं कमरेला आली, पानं काळपट हिरवी, खोड जाडजूड. कळी मात्र औषधालासुद्धा नाही. दर आठवड्याला शेणखत आणि चिमूटभर युरिया घालते. ऊन सकाळीच काय ते, दुपारी सावली येते. शिवाय एका रोपाची पानं धुरकट पडलीत, पुसली तरी तशीच. पाणी रोज घालते. कुठे अडतंय?

हिरवाबोट:
आधी मोठ्या कुंडीत हलवा. मुळं कोंडली असतील.

मातीकाम:
ताई, कुंडी राहू द्या, युरिया थांबवा. इतका गडद पाला म्हणजे नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त झालंय. रोपाला आयतं नत्र मिळत राहिलं की ते पानंच काढत बसतं. रोप लावतानाच शेणखत मातीत मिसळलं की झेंडूला बहुतेक पुरतं. आता महिनाभर काहीच घालू नका.

उन्हाचं मात्र तुम्हाला मनावर घ्यावं लागेल. झेंडूला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं, कमी पडलं की तो उंच होतो आणि फुलायला टाळतो. कुंड्या हलवता येत असतील तर आजच हलवा. दुसरं म्हणजे हा उंच जातीचा झेंडू दिवस लहान असताना लवकर कळ्या धरतो. मोठ्या दिवसांत वाढीतच रमतो. बुटका, लालसर फुलांचा झेंडू त्या मानाने कमी खळखळ करतो.

शेंडा खुडायचा तो रोप वीतभर असताना, पुनर्लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी. मग बगलेतून फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला फूल येतं. आता सगळ्यांचे शेंडे खुडलेत तर फुलं आणखी लांबतील, म्हणून काठीचा आधार द्या. फारच वाटलं तर एकाच रोपाचा शेंडा काढा आणि तो फेकू नका. बोटभर लांबीचा तुकडा घ्या, खालची पानं काढा, ओल्या वाळूत खोचा, सावलीत ठेवा. दोनेक आठवड्यांत मुळं धरतात. मला तर हे बी पेरण्याहून सोपं वाटतं.

धुरकट पानांची शंका मला वेगळी येते. पांढरा कागद पानाखाली धरा आणि पान टिचकीने झटका. मग क्षणभर थांबून बघा.

कुंडीवाली:
झटकलं! टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके पडले आणि चालायला लागले. पानामागे जाळीही दिसतेय.

मातीकाम:
म्हणजे लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. उष्ण, कोरड्या हवेत झपाट्याने वाढतो. ते रोप आधी बाजूला न्या, नाहीतर शेजारच्या कुंड्यांतही जाईल. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा मारा, कारण कोळी तिथेच असतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण ढवळून ऊन उतरल्यावर फवारा. फार माखलेली पानं तोडून टाका.

रोजचं पाणी मात्र घड्याळाने नको. बोटाचं पेर मातीत घाला, कोरडं लागलं तरच घाला, तेही बुंध्याशी. फुलं आल्यावर वरून पाणी ओतलं की पाकळ्यांत साचतं आणि फूल सडतं.

नवशिकी:
मध्येच विचारते. वाळलेल्या फुलाचं बी धरलं तर तसंच फूल येतं का?

मातीकाम:
संकरित बियाण्याचं रोप असेल तर तसंच येईल याचा भरवसा नाही, साध्या जातीचं बरंचसं जुळतं. फूल झाडावरच तपकिरी होऊ द्या. मग देठाची वाटी फाडा: आत काळ्या बारीक काड्या दिसतील, टोकाला फिकट केस असलेल्या. काळा भाग भरीव लागला तर ठेवा, चपटं आणि फिकं असेल ते टाका. बी धरायचं नसेल तर सुकलेलं फूल लगेच खुडा, पुढच्या कळ्या लवकर येतात.