टोनर (प्रिंटरची शाईची पावडर) घरी भरलं तर चालतं का?

प्रश्न: सांगलीत, विश्रामबागेत झेरॉक्सचं दुकान आहे. दर वेळी नवं कार्ट्रिज (टोनरचा डबा) परवडत नाही. भोक पाडून पावडर भरू का?

उत्तर: दादा, बिनधास्त भरा. साताऱ्यात माझ्या दुकानात मी तेच करतो. पण आधी वेस्ट टोनरचा, म्हणजे वाया गेलेल्या पावडरचा, कप्पा रिकामा करा, नाहीतर पानावर काळे डाग पडतात. ड्रमला (कार्ट्रिजमधल्या चकचकीत रोलरला) बोट लावू नका, उजेडात ठेवू नका. पावडर त्याच मॉडेलची हवी, तिथे काटकसर नकोच. तोंडाला मास्क लावा. सांडली तर गार पाण्यानं पुसा. गरम पाण्यानं ती चिकटून बसते.

प्रश्न: आणि कार्ट्रिजवरची चिप?

उत्तर: काही मॉडेलला चिप पानं मोजते. पावडर भरली तरी 'टोनर संपलं' दाखवतं. नवी चिप बसवा.

दुसरं उत्तर: भोकावर टेप घट्ट लावा बरं का.