अनुभव धागा: काठावरून गळ टाकताना तयारी आणि मनाची बैठक

मासा लागला नाही की नशिबावर ढकलून मोकळं होता येतं. पण निम्मा निकाल गरी (गळाचा आकडा) पाण्यात पडायच्या आधीच लागलेला असतो. कोकण किनाऱ्यावर गळ टाकणाऱ्यांनी आपापली पद्धत बारकाव्यांसह लिहावी. माशांचे फोटो आणि वजनं नकोत, कारणं हवीत.

खडपकर
आधी भरती बघा. तिथीला 3 ने गुणून 4 ने भागलं की मुंबई-रायगडकडे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला 3, अष्टमीला 6. नक्की वेळेसाठी भरतीचं कोष्टक हवंच. जागा मात्र ओहोटीला जाऊन बघायची. खड्डे, घळी, खडपांमधल्या (किनाऱ्यावरच्या खडकांमधल्या) वाटा तेव्हाच उघड्या दिसतात आणि पाणी चढू लागलं की मासा त्याच वाटांनी आत येतो. परतीची वाटही तेव्हाच हेरून ठेवा. उधाणात पाणी मागून वेढतं आणि समोर बघत बसलेल्याला ते कळत नाही. पावसाळ्यात खडपावर जाऊच नका.

गाठीचा माणूस
मासे सुटतात ते बहुतेक गाठीपाशी. नायलॉनची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने दोरा तापतो, तिथेच कमजोर होतो. आवळल्यावर वेढे एकमेकांना चिकटून ओळीत बसलेले दिसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यावर चढला असेल तर कापून नवी बांधा. हे घरी, उजेडात करायचं. शेवटचे 2 मीटर बोटांमधून फिरवा, खरखर लागली तर तेवढा दोरा काढून टाका. गरी नखावर टेकवून हलकेच ओढा. घसरली तर बोथट आहे.

खडपात शिसं (गळ बुडवणारं वजन) मुख्य दोऱ्यापेक्षा कमी ताकदीच्या दोऱ्याने बांधा. अडकलं तर फक्त शिसं जातं, मासा आणि गरी हाती राहते. ड्रॅग, म्हणजे रीळावरून दोरा सुटायला लागणारा ताण, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेवा. हाताच्या अंदाजाने नको, वजनकाट्याला लावून बघा.

सुंगटं
आमिषाबद्दल लिहितो. कोळंबी शेपटीकडून ओवायची, गरीचं टोक बाहेर ठेवायचं. टोक मांसात दडलं तर मासा चावतो, पण रुतत नाही. फ्रीजरमधली कोळंबी मऊ पडून फेकतानाच निघून जाते. रात्रभर मीठ लावून ठेवली की घट्ट होते.

संयम म्हणजे नुसतं बसून राहणं, हे मला पटत नाही. 20 मिनिटांत काही नाही तर ओढून बघा. आमिष कुरतडलंय? मासे लहान आहेत, गरी लहान करा. जसंच्या तसं आहे? अंतर बदला, आणि बदल लांब नव्हे, जवळ करून बघा. पहिल्या लाटेमागच्या फेसात मुडदुशे (किनाऱ्यालगतचे लहान मासे) चरत असतात आणि आपण त्यांच्या डोक्यावरून फेकत राहतो.

खाडीकाठ
वरच्या मताला दुजोरा. एकच भर घालतो: रॉडचं टोक थरथरलं की झटका मारायचा मोह आवरा. गोल वळणाची गरी असेल तर झटका नकोच. रॉड वाकू द्या आणि नुसतं रीळ फिरवा. गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते.

खडपकर
पक्कड विसरू नका. शिंगाळ्याच्या (मिशा असलेल्या माशाच्या) पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना विष असतं, हाताने धरू नका. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग 30 ते 90 मिनिटं बुडवा, वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, आणि काटा खोल गेला असेल तर डॉक्टरकडे जा.