अडॅपलीन जेलमुळे साल निघत आहे, लावणे थांबवावे का?

ए-३०४: सर्वांना नमस्कार. माझी मुलगी अकरावीत आहे. वर्षभरापासून तिच्या कपाळावर व गालांवर मुरुम येत आहेत, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री लावण्यासाठी ०.१ टक्के अडॅपलीनचे जेल लिहून दिले. आज सतरावा दिवस आहे. नाकाच्या कडेची साल निघते, तोंड धुताना झोंबते, आणि हनुवटीवर पूर्वी कधी नव्हते तेथे नवे मुरुम उठले आहेत. कालपासून ती कॉलेजला जायला तयार नाही. पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. तोपर्यंत जेल बंद ठेवावे का? कोणाच्या घरात हे वापरले असल्यास कृपया अनुभव सांगावा. तिला विचारूनच मी येथे लिहीत आहे.

बी-२०५: अगं, एवढ्याशा पोरीच्या तोंडाला असली औषधे कशाला? आमच्या वेळी रात्री लिंबू चोळायचो किंवा पुटकुळीवर टूथपेस्ट लावायचो, आणि सकाळी ती बसलेली असायची.

सी-१०२: आजी, लिंबाने माझ्या बहिणीचा गाल भाजला होता आणि तो डाग जायला वर्ष लागले, म्हणून ते नकोच. वहिनी, मला तुम्हाला वेगळीच काळजी सांगायची आहे. जेल झोंबते म्हणून ते बाजूला ठेवून दुकानातून "लवकर गुण देणारे" दुसरे मलम आणण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. कॉलेजात असताना मी तेच केले. मलम आठ दिवसांत चेहरा नितळ करीत असे, म्हणून मी ते सात-आठ महिने लावत राहिले. पुढे गाल कायम लाल दिसू लागले, ओठांवर आणि गालांवर लव वाढली, आणि एक दिवस न लावल्यास चेहरा पेटल्यासारखा होई. त्यात बीटामेथासोन हे स्टिरॉइड होते, हे मला डॉक्टरांकडे गेल्यावर समजले. ते सोडताना झालेला त्रास मुरुमांपेक्षा कितीतरी अधिक होता. नळीवरची बारीक अक्षरे वाचा, आणि बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसले तर मुरुमांसाठी ते चेहऱ्यावर लावू नका. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. तरीही ती हातोहात मिळतात, याचे मला फार वाईट वाटते.

ए-३०४: ताई, बरे झाले सांगितलेत. तिच्या मैत्रिणीने असेच एक मलम सुचवले होते. ते आता आणणार नाही.

बी-६०१: मी त्वचाविकार विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो, मात्र तिला तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा. मुरुम वर दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी केसाच्या मुळाशी मृत पेशी आणि तेल साचून छिद्र बंद झालेले असते. अडॅपलीन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध असून पेशींचे हे चिकटणे कमी करते. त्यामुळे ते आजच्या मुरुमावर नव्हे, तर पुढे येणाऱ्या मुरुमांवर काम करते. आत दबून असलेले काही मुरुम सुरुवातीला वर येऊ शकतात. कोरडेपणा आणि झोंबणे पहिल्या दोन ते चार आठवड्यांत सर्वाधिक असते व नंतर कमी होते. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो, म्हणून सतराव्या दिवशी निकाल लावणे घाईचे ठरेल. ती जेल नेमके कसे लावते?

ए-३०४: प्रत्येक मुरुमावर बोटाने जाडसर ठिपका लावते. तोंड धुतल्यावर लगेच.

बी-६०१: बहुधा येथेच अडले आहे. हे ठिपक्याठिपक्यांनी लावायचे औषध नाही. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढे जेल पुरते; ते कपाळ, गाल व हनुवटीवर पातळ पसरावे, आणि डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे व ओठ सोडून द्यावेत. चेहरा धुतल्यावर वीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्यावा, कारण ओलसर कातडीवर ते अधिक झोंबते. आधी साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावले तरी चालते. साल जास्त निघत असेल तर दोन आठवडे एक दिवसाआड लावून पुन्हा रोजवर यावे. सकाळी सनस्क्रीन चुकवू नये; आपल्या वर्णाच्या त्वचेवर मुरूम गेल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि उन्हाने तो गडद होतो. जेल चालू असताना चेहऱ्यावर वॅक्सिंग करू नये, कातडी सोलली जाते. चेहरा सुजला, फोड आले किंवा आग थांबतच नसेल, तर मात्र जेल बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

ए-७०३: काका, मला बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के दिले आहे. लवकर गुण यावा म्हणून १० टक्क्यांचे घेऊ का?

बी-६०१: नको. गुण साधारण तेवढाच येतो, जळजळ मात्र वाढते. ते मुरुमांतले जंतू मारते आणि जंतूंना त्याची सवय होत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचे जेल एकटेच लावत राहिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड देतात. उशीला पांढरा अभ्रा घाल, कारण रंगीत कापडाचा रंग याने उडतो.

सी-१०२: आमच्या दोन नव्या टॉवेलांचे तेच झाले.

ए-३०४: डॉक्टरकाका, तिच्या पाळीचाही काही संबंध असू शकतो का?

बी-६०१: असू शकतो, पण ते येथे लिहू नका, तिला संकोच वाटेल. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पुढच्या भेटीत सांगा. कदाचित रक्ततपासणी करायला सांगतील. खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडू लागले, तर तीन आठवडे थांबू नका, कारण तेथे नुसते जेल पुरत नाही आणि पडलेला खड्डा भरून काढणे अवघड असते.

ए-३०४: गाठी नाहीत, लहान मुरुमच आहेत. आज जेलला सुट्टी देते. उद्यापासून एक दिवसाआड, वाटाण्याएवढेच, चेहरा कोरडा करून. तिने वरचे सगळे वाचले आणि उद्या कॉलेजला जाईन म्हणाली.